सुगंधाने मन निवते का?

दिवाळीच्या खरेदीला बाजारात जावे, तर उटण्याच्या पुड्या आणि सुगंधी तेलाच्या बाटल्या यांच्या शेजारी अलीकडे एक नवीच रांग मांडलेली दिसते. बोटाएवढ्या तपकिरी बाटल्या, वर काळे झाकण, आणि चिठ्ठीवर नाव फुलाचे असले तरी गुण सांगितलेले असतात ते मनाचे. एकीवर ‘गाढ झोप’, दुसरीवर ‘चिंतामुक्ती’, तिसरीवर नुसतेच ‘आनंद’. दहा मिलिलिटर आनंदाची किंमत वाचली म्हणजे तो घ्यावा की घेऊ नये याचीच प्रथम चिंता लागते! पण थट्टा बाजूला ठेवू. घेणारी माणसे काही अगदीच भोळी नसतात. कोणाला रात्र रात्र झोप नसते, कोणाच्या मुलाची बारावी असते, कोणाच्या घरातले माणूस नुकतेच गेलेले असते. डॉक्टरकडे जाण्याइतके आपले दुखणे मोठे आहे असे त्यांना वाटत नाही, आणि वाटले तरी मनाच्या डॉक्टरची पायरी चढायला अजूनही आपल्याकडे पाय अडखळतो. त्यापेक्षा फुलाचा अर्क बरा. तो निरुपद्रवी, सोवळा, आणि पाहुण्यांच्या नजरेस पडला तरी लाज वाटू नये असा.

माझ्या वर्गातल्या मुली तोंडी परीक्षेला आत जाण्यापूर्वी मनगटावर कसली तरी कांडी फिरवून हुंगताना मी नेहमी पाहते. “मॅडम, लॅव्हेंडर आहे. जीव शांत होतो,” असे त्या सांगतात. होतो का खरेच? माझा विषय मराठी. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्वयंपाकघरापुरता. परंतु शब्दांच्या मागे लागणाऱ्या माणसाला कुठे ना कुठे दुसऱ्याच्या शेतात शिरावेच लागते. गेले वर्षभर या विषयाचे मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

आधी शब्दांचेच पाहा. काळजी ही आपल्या भाषेत मनात कधी राहतच नाही, ती शरीरात उतरते. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, जीव टांगणीला लागतो, जिवाची घालमेल होते, तोंडचे पाणी पळते. उदासीचेही तसेच, मन नुसते दुःखी होत नाही, ते विटते, कोमेजते, अन्नावरची वासना जाते. ही ‘वासना’ पाहा कशी आहे! इच्छा हा तिचा अर्थ आपल्या परिचयाचा. पण संस्कृतात वस्त्राला किंवा तेलाला सुवास देण्यालाही ‘वासन’ म्हणतात. फुलाचा वास जसा तिळात मुरतो तसा अनुभव मनात मुरून राहतो, ही कल्पना आपल्या दर्शनकारांना सुचली ती उगीच नाही. वास आणि मन यांचे काहीतरी आतले नाते आहे, हे माणसाने प्रयोगशाळेच्या फार आधी हेरले होते.

ज्यांना आपण सध्या इंग्रजी नावाने ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतो, त्यांना शास्त्रीय मराठीत बाष्पनशील तेले म्हणतात. नाव जड असले तरी नेमके आहे. ही तेले शेंगदाण्याच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखी स्निग्ध नसतात. ती उडून जातात. कागदावर खोबरेलाचा थेंब टाकला तर डाग कायमचा राहतो. निलगिरीच्या किंवा लॅव्हेंडरच्या निर्भेळ तेलाचा थेंब टाकला तर काही वेळाने तो जवळजवळ नाहीसा होतो. (चंदन आणि वाळा यांची तेले जड, ती सावकाश उडतात, म्हणून ही कसोटी सर्वांना सारखी लावू नये.) वनस्पती हे तेल कधी पाकळीत साठवते, कधी पानात, कधी मुळात, कधी खोडाच्या गाभ्यात, तर कधी फळाच्या सालीत. संत्रे सोलताना बोटांवर जी बारीक फवारणी होते ती हीच. साल सोडून इतर ठिकाणाहून ते बहुधा वाफेने काढावे लागते, आणि त्याला माल किती लागावा? गुलाबाच्या एक किलो तेलासाठी तीन ते पाच हजार किलो पाकळ्या. हा आकडा एकदा लक्षात ठेवला म्हणजे पदपथावर शंभर रुपयांत मिळणाऱ्या ‘शुद्ध गुलाबतेला’विषयी अधिक काही बोलायची गरज उरत नाही.

आपल्या देशात या कलेचे माहेरघर म्हणजे उत्तर प्रदेशातले कनौज. तांब्याची मोठी डेग, तिच्यात फुले आणि पाणी, झाकणाची फट ओल्या मातीने लिंपलेली, खाली लाकडांचा आणि गोवऱ्यांचा जाळ. डेगेतून निघालेली बांबूची नळी थेट पाण्याच्या हौदात बुडवलेल्या तांब्याच्या लांबमानी भांड्यात जाते. या भांड्याला भपका म्हणतात. मराठीत वासाचा ‘भपका’ मारतो तो आणि हा एकच की काय, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण कान टवकारले खरे! भपक्यात आधीच चंदनाचे तेल घालून ठेवलेले असते. फुलाची सुगंधी वाफ थंड होऊन त्यात मुरते. जाळ किती ठेवायचा, भपका कधी बदलायचा, हे सारे कारागीर हाताच्या स्पर्शाने आणि कानाने ठरवतो. याच रीतीने तिथे भाजलेल्या मातीचेही अत्तर काढतात. पहिल्या वळवाच्या सरीनंतर अंगणातून जो वास उठतो, तो बाटलीत भरण्याचे धाडस जगात फारच थोड्यांनी केले असेल.

गुलाबाच्या अत्तराचा उगम बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नूरजहानच्या आईकडे दिला आहे. गुलाबपाणी करताना भांड्यावर जमलेला तवंग तिने वेगळा काढला, आणि त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ असे नाव पडले. जहांगीर त्याची स्तुती करतो ती केवळ वासासाठी नाही. खचलेल्या मनाला उभारी देण्याचा गुण तो त्या थेंबाला चिकटवतो. म्हणजे आजच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा पूर्वज शोधायचा झाला तर तो थेट मोगल दरबारात सापडतो.

पण कनौजला कशाला जायचे? आपल्या दक्षिणेतही या विद्येचा मोठा पसारा होता. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त स्नान, विलेपन, धूप यांची प्रकरणे आहेत. (मराठी बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही याच ग्रंथातली, म्हणून आम्हा मराठीच्या शिक्षकांना तो विशेष प्रिय.) आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, सुगंधद्रव्यांवरच्या ‘गंधवाद’ नावाच्या एका जुन्या संस्कृत ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी तिच्या हस्तलिखिताचा अभ्यास करून १९४५ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. म्हणजे एकीकडे संतांची वाणी घुमत होती, त्याच सुमारास कोणी एक मराठी माणूस धूप, तेल, उटणी यांची कृती आपल्या भाषेत समजावून सांगत बसला होता. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते तर किती बरे झाले असते!

नव्या शास्त्राची कथा मात्र फ्रान्समध्ये सुरू होते. रने मोरीस गातफोसे हा लियाँ शहराजवळचा एक रसायनज्ञ. घरचा धंदा सुगंधद्रव्यांचा. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचे हात भाजले. भाजलेला हात त्याने शेजारच्या लॅव्हेंडरच्या हंड्यात बुडवला आणि तो तत्काळ बरा झाला, अशी रसाळ कथा सगळीकडे सांगितली जाते. त्याने स्वतः लिहिलेली हकीकत इतकी नाट्यमय नाही. हात भाजल्यावर जखमा सडू लागल्या आणि त्या लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर सडणे थांबले, एवढेच त्याचे म्हणणे. १९३७ साली त्याने ‘आरोमाथेरापी’ या नावाचे पुस्तक लिहिले आणि जगाला एक शब्द दिला. पुढे झाँ वाल्ने या फ्रेंच डॉक्टराने १९६४ साली त्याच नावाचा ग्रंथ लिहून या विद्येला लोकप्रिय केले. लक्षात घ्यायचे ते असे की, सुरुवातीला प्रश्न जखमांचा होता, जंतूंचा होता. मनाचा प्रांत नंतर जोडला गेला.

आता मूळ प्रश्न. नाकातून शिरलेला वास मनापर्यंत पोचतो कसा?

नाकाच्या आत अगदी वरच्या टोकाला टपाल-तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसाजवळ सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक आहेत. एकेका वासाचे रेणू त्यांतल्या काहींना छेडतात, आणि पेटीच्या पट्ट्यांतून जसे निरनिराळे सूर जुळतात तसे या छेडण्यातून हजारो वास जुळतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुके शोधून काढली, आणि २००४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले मेंदूत आधी एका मधल्या चौकीवर थांबते आणि मग पुढे जाते. वासाला ही चौकी नाही. भीती आणि स्मृती यांची जी केंद्रे मेंदूच्या पोटात आहेत, तिथे त्याचा निरोप जवळजवळ परभारे जातो. म्हणूनच कोणता वास आहे हे आठवायच्या आधीच डोळ्यांत पाणी उभे राहते.

जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ साली उंदरांवर एक सुरेख प्रयोग झाला. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचे एक द्रव्य असते. त्याच्या वासात ठेवलेले उंदीर कमी भेदरले. मोकळ्या, उजेडाच्या जागी धीटपणे फिरू लागले. मग संशोधकांनी काही उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली. त्यांच्यावर त्या वासाचा काही परिणाम होईना. म्हणजे गुण फुप्फुसातून रक्तात जाऊन आला नाही, नाकावाटेच आला. तिसरी गंमत अशी की, झोपेच्या आणि चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा असर उतरवणारे एक औषध आहे. ते दिल्यावर लिनालूलचाही असर उतरला. वास आणि गोळी मेंदूच्या एकाच दारावर थाप मारतात, असा याचा अर्थ. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे खरेच. पण ‘हे सगळे मनाचे खेळ’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनाही हा प्रयोग थोडा विचार करायला लावतो. उंदराला लॅव्हेंडरची जाहिरात वाचता येत नाही!

माणसांवरचे प्रयोग अधिक अवघड, कारण वास लपवता येत नाही. गोळीच्या बाबतीत एकाला खरी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. लॅव्हेंडर हुंगणाऱ्याला मात्र आपण लॅव्हेंडर हुंगतो आहोत हे लगेच कळते, आणि आता आपल्याला बरे वाटणार अशी त्याच्या मनाची तयारीही होते. तरीही प्रयोग झाले. व्हिएन्ना येथे २००० साली दातांच्या दवाखान्यातल्या बैठकीच्या खोलीत संत्र्याच्या तेलाचा मंद वास सोडून पाहिला. तिथे वाट पाहणाऱ्या बायकांची धास्ती कमी झालेली आढळली; पुरुषांत मात्र तसा फरक दिसला नाही. दातांच्या खुर्चीचे भय पुरुषांना अधिक असते की ते कबूल करत नाहीत, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवते. अमेरिकेत ओहायो येथे २००८ साली ५६ जणांवर लिंबू, लॅव्हेंडर आणि साधे पाणी यांची तुलना झाली. काहींना काय हुंगायचे, काय अपेक्षा करायची, हे सांगितले होते, काहींना नाही. लिंबाने मनाची प्रसन्नता वाढली, सांगितलेल्यांची आणि न सांगितलेल्यांचीही. ज्या लॅव्हेंडरचा एवढा बोलबाला, त्याचा तिथे प्रभाव पडला नाही. आणि वेदना, रोगप्रतिकार वगैरे ज्या मोठमोठ्या गोष्टी बाटल्यांवर छापतात, त्यांच्या बाबतीत दोघांनीही हात टेकले.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हुंगण्याचा नाहीच. जर्मनीत लॅव्हेंडरचे खास शुद्ध केलेले तेल ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये भरून चिंतेवरचे औषध म्हणून विकले जाते. २०१० मध्ये ७७ रुग्णांवर सहा आठवडे झालेल्या एका चाचणीत ते लोराझेपाम या प्रसिद्ध गोळीच्या छोट्या मात्रेच्या बरोबरीने उतरले, आणि गुंगी किंवा सवय लागण्याचा धोका त्यात दिसला नाही. २०१४ मध्ये ५३९ रुग्णांवर दहा आठवड्यांची चाचणी झाली, त्यातही ते पोकळ गोळीपेक्षा स्पष्ट सरस ठरले. त्रास काय, तर लॅव्हेंडरच्या वासाचे ढेकर! मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. यांतल्या बहुतेक चाचण्यांचा खर्च ते औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केलेला आहे. आणि हे वाचून कोणी बाजारातल्या बाटलीतले चार थेंब पाण्यातून घेऊ लागेल, तर तो मोठा घोटाळा होईल. औषधाची कॅप्सूल वेगळी आणि खोलीत दरवळण्यासाठी विकलेले तेल वेगळे; त्यात काय मिसळले आहे याची कोणी हमी देत नाही.

चिंतेबद्दल एवढे म्हणता येते. नैराश्याची गोष्ट मात्र निराळी आहे. २०१७ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी नैराश्याच्या लक्षणांवर झालेले बारा प्रयोग एकत्र तपासले. नुसते हुंगण्यापेक्षा सुगंधी तेलाने मालिश केल्याचा उपयोग अधिक दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष. यात तेलाचा वाटा किती आणि मायेने अंगावरून फिरणाऱ्या हाताचा किती, हे कोण वेगळे काढणार? आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पाटावर बसवून तेल चोळते, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वासाचा आणि औदासीन्याचा संबंध उलट्या बाजूनेही दिसतो. करोनाच्या साथीत कित्येकांचा वासच गेला. माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेला २०२१ च्या उन्हाळ्यात तो आजार झाला. ताप पाच दिवसांत उतरला, पण वास चार महिने परतला नाही. फोडणी जळली तरी कळेना. आंब्याच्या दिवसांत आंबा म्हणजे गोड चिखल. “धाकट्याच्या डोक्याला तेल लावते, पण तो माझा वाटतच नाही,” असे ती एकदा म्हणाली, आणि मी गप्प झाले. वास गेलेल्या माणसांत उदासी अधिक आढळते, हे डॉक्टरांनीही नोंदले आहे. तिच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने तिला जो उपाय सांगितला तो जर्मनीत ड्रेस्डेन येथे २००९ साली तपासून पाहिलेला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांच्या चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ काही क्षण लक्ष देऊन हुंगायच्या, बारा आठवडे. नाकाची ही तालीमच म्हणा ना. सर्वांनाच गुण येतो असे नाही. तिला प्रथम लवंग परत मिळाली.

तालमीवरून एक सांगावेसे वाटते. लॅव्हेंडर हे आपल्या आजीपणजीच्या ओळखीचे फूल नव्हे. जम्मूतल्या भद्रवाह भागात मक्याऐवजी त्याची शेती आता चांगली बहरली आहे, आणि सरकारच्या सुगंध मोहिमेचा तो अभिमानाचा विषय आहे. तरी महाराष्ट्रातल्या मनाला त्याच्याशी जोडलेली आठवण कोणती? माझे वडील गेले त्या वर्षी आईची झोप उडाली. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. भेटायला येणाऱ्या दोघीतिघींनी लॅव्हेंडरच्या बाटल्या आणल्या. पहिलीच उघडली तशी आई म्हणाली, “हा कसला गं वास? दवाखान्यातल्या फरशीसारखा!” तिचे बरोबर होते, रुग्णालयाची फरशी हल्ली त्याच वासाच्या पाण्याने पुसतात, आणि वडिलांचे शेवटचे अकरा दिवस तिने त्या फरशीवर बसून काढले होते. पुढे धाकट्या मामाने वाळ्याचे अत्तर आणले. कापसाचा फाया तिने कितीतरी वेळ नाकाशी धरला. “माठाचा वास,” एवढेच म्हणाली. माहेरच्या माठात उन्हाळ्यात वाळ्याची जुडी सोडलेली असे. ती कोण आणायचे, माठ कुठे असायचा, पाण्यावरून भावंडांची भांडणे कशी व्हायची, हे सगळे ती त्या संध्याकाळी सांगत बसली. तीन आठवड्यांत ती एवढे बोलली नव्हती. त्याने तिचे दुखणे बरे झाले असे मी म्हणणार नाही. त्याच महिन्यात डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या दिल्या, आणि त्या तिने जवळजवळ वर्षभर घेतल्या. वाळ्याचा फाया उशाशी राहिला तो राहिलाच. कोणत्या वासाने जीव निवेल याचे उत्तर बाटलीवरच्या चिठ्ठीत नसते, ते ज्याच्या त्याच्या आठवणींच्या पेटीत असते, असे मला वाटते ते यामुळे.

दुसरी एक हकीकत याच्या उलट आहे, आणि हा लेख लिहावासा वाटला तो तिच्यामुळे. आमच्या ओळखीच्या एका घरी सून बाळंत झाली. मूल गुटगुटीत, घरात आनंद. पण तिला काही केल्या रडू आवरेना. मुलाला जवळ घ्यायची तिला भीती वाटे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तेवढ्यात सुगंधोपचाराचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी घरच्यांना पटवले की, अंगावर पाजणाऱ्या बाईला ‘केमिकल’ कशाला, हे पाहा नैसर्गिक. गोळ्या बंद झाल्या. खोलीत दिवसरात्र वाफेचे यंत्र सुरू. घरातली माणसे वाईट नव्हती; उलट तिच्यासाठी त्यांनी हजारो रुपये खर्च केले. पाचव्या आठवड्यात एका दुपारी ती गच्चीच्या कठड्याशी उभी असलेली शेजारणीने पाहिली, म्हणून निभावले. आता ती बरी आहे, नोकरीवर जाते, मूल शाळेत जाते. बरी झाली ती गोळ्या पुन्हा सुरू केल्याने आणि समुपदेशनाने. स्तनपान करताना कोणत्या गोळ्या चालतात हे डॉक्टरांना ठाऊक असते; विचारायचे त्यांना.

‘नैसर्गिक’ या शब्दावर एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. कापूर नैसर्गिक आहे. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. निलगिरीच्या तेलाचेही तसेच. सर्दी झाली की तान्ह्या बाळाच्या छातीला कापूर चोळण्याची, गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची आपल्याकडे जी रीत आहे ती सोडून द्यावी, असे बालरोगतज्ज्ञ कळवळून सांगतात. लिंबूवर्गीय तेले, विशेषतः बर्गामोटचे, अंगाला लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते. दमा असलेल्याला जो वास इतरांना सुखद तोच धाप लावतो. घरात मांजर असेल तर बंद खोलीत ही वाफ कोंडू नये; मांजराच्या यकृताला यांतली बरीच द्रव्ये पचवता येत नाहीत. गरोदर बाईने आणि अपस्माराच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

एवढे सांभाळून ज्याला हा आनंद घ्यायचा त्याने तो जरूर घ्यावा. परीक्षेआधीची धाकधूक, प्रवासाच्या आदल्या रात्रीची तळमळ, कचेरीतून घरी आल्यावर न उतरणारा ताण, अशा रोजच्या काळज्यांना सुगंध हा चांगला सोबती आहे. रुमालावर एक थेंब पुरतो. मालिश करायचे तर एका मोठ्या चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात पाच-सहा थेंब, त्याहून अधिक नको. निर्भेळ तेल कातडीला कधीच लावू नये. झोपेसाठी रोज ठरलेल्या वेळी, दिवा मंद करून, तोच एक वास घेतला तर काही दिवसांनी त्या वासाबरोबर झोपेची आठवणही जुळते. हा गुण तेलाइतकाच नेमाचा आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, अन्न नकोसे झाले, आवडीच्या कामात रस उरला नाही, जगणे नको असे विचार येऊ लागले, तर बाटली खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवाही आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही, फुकट, आणि मराठीत बोलता येते.

घेताना चिठ्ठीवर वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव आहे का ते पाहावे. नुसते ‘लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स’ लिहिले असेल तर तो कारखान्यात जुळवलेला वास समजावा. खोली सुवासिक करायला तो वाईट नाही, पण त्याची किंमतही तेवढीच द्यावी. जटामांसी आणि चंदन यांच्या बाबतीत तर दोनदा विचार करावा. जटामांसी हिमालयात इतकी दुर्मिळ होत चालली आहे की तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध घालावे लागले, आणि खरे चंदन परवडणारी माणसे हा लेख वाचत असतील असे वाटत नाही. त्यापेक्षा आपला वाळा, नागरमोथा, कचोरा, गवती चहा, दवणा, संत्र्याची वाळवलेली साल. उटण्यासाठी हे आणायचेच आहे. काष्ठौषधींच्या दुकानात अजून पुडीत बांधून मिळते, आणि घरी कुटताना जो घमघमाट सुटतो तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

बाटली आणलीच असेल तर उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. संत्र्या-लिंबाची तेले वर्षभरात हवेने बिघडतात आणि मग कातडीला खाज आणतात. झाकण घट्ट लावून, उन्हापासून दूर, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावी, जिथे मुले खुर्चीवर चढली तरी त्यांचा हात पोचणार नाही.